साक्षात्काराशिवायचा हृदयरोग

मराठी मध्यमवर्गीय घरात कुणाला हृदयविकार झाला, की भेटायला येणारी माणसं शहाळी, सफरचंदं आणि डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक घेऊन येतात. आमच्या घरी पहिल्या तीन महिन्यांत या पुस्तकाच्या तीन प्रती जमल्या. दोन कोऱ्या आणि एक जुनी, पेन्सिलीच्या खुणा असलेली. आपल्याकडे पुस्तक भेट देतात ते वाढदिवसाला नाहीतर निरोप समारंभाला. आजाऱ्याला भेट दिलं जाणारं पुस्तक ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. त्यामुळे या पुस्तकाविषयी निव्वळ साहित्य म्हणून लिहून भागत नाही. आपल्या समाजात हृदयरोगाची गोष्ट कशी सांगायची, याचा नमुनाच त्यानं घालून दिला आहे.

मला या लेखात त्या नमुन्याविषयी आणि त्याच्या शेजारी ठेवून बघता येतील अशा इतर काही गोष्टींविषयी लिहायचं आहे. प्रश्न एकच आहे. ज्याचं हृदय आजारी आहे, त्याच्यासाठी या गोष्टी काय करतात हे अनेकांनी लिहिलंय. पण त्याच्या घरातल्या माणसांसाठी त्या काय करतात?

माझी बाजू आधीच सांगून टाकते. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांना डायलेटेड कार्डिओमायोपॅथीचं निदान झालं. म्हणजे हृदयाचा स्नायू ताणला जाऊन पातळ आणि अशक्त होतो आणि रक्त नीट ढकलू शकत नाही. निरोगी हृदय दर ठोक्याला डाव्या कप्प्यातल्या रक्तापैकी साधारण ५५ ते ७० टक्के रक्त बाहेर फेकतं. या आकड्याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. अण्णांचा आकडा होता २०. हे का झालं, याचं रिपोर्टमधलं उत्तर होतं 'इडिओपॅथिक'. कारण सापडत नाही, असं सांगण्यासाठी वैद्यकशास्त्रानं एक भारदस्त ग्रीक शब्द ठेवला आहे.

डॉक्टरांनी उच्चारलेला दुसरा शब्द होता 'हार्ट फेल्युअर'. इथे भाषेनंच पहिला घोटाळा केला. बोलीभाषेत 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस जागच्या जागी गेला. 'त्यांचं झोपेतच हार्ट फेल झालं' असं आपण म्हणतो, तेव्हा पुढचा प्रश्न 'कधी नेणार?' हाच असतो. त्यामुळे समोर खुर्चीत बसून चहा पिणाऱ्या माणसाला हार्ट फेल्युअर आहे, हे आईला कळेचना. तिला ते व्याकरणदृष्ट्याच अशक्य वाटत होतं. ज्या क्रियापदाला आपल्या भाषेत फक्त भूतकाळ आहे, ते एकदम चालू वर्तमानकाळात आलं. हा आजार वर्षानुवर्षं चालू राहतो. हृदय बंद पडत नाही, कमी पडत राहतं. या 'कमी पडत राहण्या'साठी आपल्याकडे शब्द नाही. आणि माझ्या मते गोष्टही नाही.

*

आता बंगांच्या पुस्तकाकडे. १९९५ साली, वयाच्या ४४व्या वर्षी डॉ. बंगांना हृदयविकाराचा झटका आला. गडचिरोलीत लोकांच्या आरोग्यासाठी काम करणारा हा माणूस स्वतःच्या शरीराकडे मात्र दुर्लक्ष करत आला होता. पुस्तकाचं बळ या कबुलीत आहे. लेखक स्वतःला रुग्ण म्हणून तपासतो, आपला आहार, बसून राहणं, ताण, अहंकार, सगळं टेबलावर मांडतो. मग चालणं, आहार, योग, ध्यान असं करत करत एक नवं जगणं उभारतो. आजार हा शत्रू न राहता शिक्षक होतो. भाषा साधी आहे, उपदेशाचा सूर फारसा चढत नाही आणि डॉक्टरनं लिहिलेलं असूनही पुस्तक वरून खाली बोलत नाही. ते इतक्या घरांत का पोहोचलं, हे वाचताना लगेच कळतं.

पण शीर्षकातल्या तीन शब्दांपैकी सगळ्यात महत्त्वाचा शब्द पहिला आहे: 'माझा'. हा रोग माझा, त्याची कारणं माझी, म्हणून त्यावरचा इलाजही माझ्या हातात. पुस्तकाचं सगळं तर्कशास्त्र या सरळ रेषेवर उभं आहे. करोनरी हृदयरोगाच्या बाबतीत त्या रेषेला पायाही आहे. रक्तवाहिन्यांत चरबी साठण्याचा आपल्या खाण्यापिण्याशी, तंबाखूशी, हालचालीशी संबंध आहे, हे निर्विवाद.

अण्णांनी ते पुस्तक आठवडाभरात वाचून काढलं. मग चष्मा काढत म्हणाले, "चांगलं लिहिलंय. पण यांचा पाइप चोंदला होता. माझा पंपच गेलाय."

इतकं नेमकं परीक्षण मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. वर्कशॉपमधल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. चोंदलेला पाइप साफ करता येतो, पुन्हा चोंदू नये म्हणून काळजी घेता येते. झिजलेला पंप सांभाळून वापरायचा असतो, त्याच्यावरचा दाब कमी ठेवायचा असतो. औषधं बहुतेक हेच करतात. काही रुग्णांमध्ये औषधांनी स्नायू बराच सुधारतोही. पण 'मी असं जगलो म्हणून असं झालं' हे वाक्य जिथे लिहिताच येत नाही, तिथे 'आता मी तसं जगेन म्हणून बरा होईन' हे वाक्यही लिहिता येत नाही. कारणच नसेल, तर साक्षात्कार कशाचा व्हायचा?

खरी अडचण त्याच्याही पुढची आहे आणि तिचा दोष मी पुस्तकाला देणार नाही. ते एका रुग्णानं लिहिलेलं आहे, पण वाचतात त्याचे नातेवाईक. बंगांनी जबाबदारी स्वतःहून स्वतःच्या शिरावर घेतली. त्यातून त्यांना मोकळेपणा मिळाला. तीच जबाबदारी बायकोनं नवऱ्याच्या किंवा मुलीनं वडिलांच्या वतीनं घेतली, की तिची पाळत होते. मीठ किती घातलं? लोणच्याची फोड कुणी वाढली? दिवसभराचं दीड लिटर पाणी संपलं, मग हा चौथा पेला कसला? भेटीला आलेली शहाळीसुद्धा आम्ही लपवली, कारण अण्णांच्या गोळ्यांमुळे रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं आणि शहाळ्यात ते भरपूर असतं. हे सगळं आवश्यकच होतं. पण 'नीट वागलं की बरं होतं' या कथानकात प्रत्येक पापड पुरावा होऊन बसतो. पाय सुजले की घरात तपास सुरू होतो. पुस्तकातल्या साक्षात्काराची घरात फौजदारी होते. साक्षात्कार दुसऱ्याच्या वतीनं होत नाही, आणि नातेवाइकांनी या पुस्तकाकडून मागितलं जातं ते नेमकं तेच.

*

हृदयरोगाचं आपल्याकडे दुसरं एक लोकप्रिय कथानक आहे, ते सिनेमाचं. माझ्या पिढीला ते 'कल हो ना हो'नं (२००३) दिलं. निखिल अडवाणी दिग्दर्शक, लेखन करण जोहरचं. शाहरुख खानच्या अमनला जीवघेणा हृदयविकार आहे. तो न्यूयॉर्कमध्ये एका दुःखी कुटुंबाच्या आयुष्यात येतो, सगळ्यांना हसायला शिकवतो, आपल्यावर प्रेम करणाऱ्या नैनाचं लग्न रोहितशी लावून देतो आणि मरतो. हा मूळ साचा 'आनंद'चा (१९७१). तिथे आतड्याचा कर्करोग होता आणि सहा महिन्यांची मुदत होती. तीस-बत्तीस वर्षांनी फक्त अवयव बदलला.

अवयव बदलल्यावर खरं तर गोष्ट बदलायला हवी होती. हृदय निकामी होत चाललेला माणूस जिन्याच्या सहाव्या पायरीला थांबतो. तीन उशा घेऊन झोपतो, कारण आडवं झालं की दम लागतो. अमन मात्र लग्नात नाचतो. या सिनेमात हृदय हा अवयवच नाही, तो उपमेच्या कामाला लावलेला आहे. पण मला त्याहून जास्त खटकते ती अमनची आई. रीमा लागूंसारखी अभिनेत्री त्या भूमिकेत आहे आणि तिच्या वाट्याला मोजके प्रसंग आले आहेत. परक्या देशात मुलाला उपचारांसाठी घेऊन आलेली ही बाई सगळं जाणून आहे. रात्री त्याच्या खोलीतून खोकला ऐकू आल्यावर ती उठून बसते का, हे सिनेमाला बघायचं नाही. मरणारा माणूस इतका प्रकाशमान आहे, की त्याच्या शेजारी उभं असलेलं कुणी दिसतच नाही.

या कथानकाचा घरावर होणारा परिणाम मी जवळून पाहिला. मुदत मिळालेल्या माणसाच्या गोष्टीत लग्न लागतं, हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं आहे. मला तेव्हा सव्विसावं संपत होतं. "अण्णांच्या डोळ्यादेखत होऊन जाऊ दे," असं मला चार वेगवेगळ्या नातेवाइकांनी चार वेगवेगळ्या खोल्यांत सांगितलं. 'डोळ्यादेखत' हा फार मायाळू शब्द आहे. पण त्या शब्दात अण्णांना प्रेक्षक करून टाकलेलं आहे आणि पडदा कधी पडणार, हेही गृहीत धरलेलं आहे. शेवटी अण्णांनीच आत्याला सुनावलं, "मला बघायचंय म्हणून तिनं लग्न करायचं, तर मी नाही बघितलं तरी चालेल."

*

या दोन्ही कथानकांना एक आकार आहे. बंगांची रेषा खाली कोसळते आणि चढत जाते. सिनेमाची रेषा ठरलेल्या दिवशी संपते. स्कॉट मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दीर्घ आजारांच्या वाटचालीचे तीन नमुनेदार आलेख मांडले होते. कर्करोगात माणूस बराच काळ बरा असतो आणि शेवटी थोड्या अवधीत झपाट्यानं खालावतो. वार्धक्यात आणि स्मृतिभ्रंशात दीर्घकाळ मंद उतार असतो. हृदय किंवा फुप्फुसं निकामी होण्याचा आलेख मात्र करवतीच्या दात्यांसारखा आहे. अचानक घसरण, दवाखाना, मग पुन्हा वर, पण पहिल्याइतकं वर नाही. मधल्या काळात ठीकठाक दिवस. प्रत्येक घसरण शेवटची असू शकते आणि बहुतेक वेळा नसते.

मला हा आलेख साहित्याच्या दृष्टीनं महत्त्वाचा वाटतो. 'आनंद'ला मुदत लागते आणि कर्करोगाचा आलेख ती थोडीफार पुरवतो. करवतीच्या दात्यांवर कथानक बसत नाही. तिथे परमोच्च बिंदू दर चार महिन्यांनी येतो आणि ओसरतो. पहिल्यांदा अण्णांना रात्री दोन वाजता दवाखान्यात नेलं, तेव्हा मामा मुंबईहून निघाला, आत्या कराडहून आली, सगळ्यांनी निरोपाचं रडून घेतलं. पाचव्या दिवशी फुप्फुसांतलं पाणी उतरलं आणि अण्णा घरी आले. तिसऱ्यांदा कुणी आलं नाही. लोक वाईट नसतात. एकाच माणसाच्या मरणासाठी तीनदा तयार होणं त्यांना शिकवणारी गोष्ट कुणी सांगितलेली नसते.

मग घरातला माणूस आकड्याकडे वळतो. निदान माझ्यासारखा, दिवसभर संगणकाशी बोलणारा. 'सिएटल हार्ट फेल्युअर मॉडेल' नावाचं एक गणित २००६ साली प्रसिद्ध झालं. वय, रक्तदाब, इजेक्शन फ्रॅक्शन, रक्तातलं सोडियम, औषधं असं बरंच काही भरलं, की एक, दोन आणि पाच वर्षं जगण्याची शक्यता स्क्रीनवर येते. मी ते भरलं. आलेला आकडा इथे लिहीत नाही, कारण तो अण्णांचा आहे आणि त्यांनी तो विचारलेला नाही.

अशा आकड्याचं काय करायचं, यावर दोन निबंधकार एकमेकांसमोर उभे आहेत. पहिला स्टीफन जे गूल्ड. १९८२ साली त्याला मेसोथेलिओमा हा दुर्धर कर्करोग झाला. ग्रंथालयात त्यानं वाचलं, की या रोगात मध्यक आयुर्मान आठ महिने आहे. 'द मीडियन इझन्ट द मेसेज' या १९८५च्या निबंधात तो सांगतो, की मध्यक म्हणजे निकाल नाही. निम्मे लोक त्याच्या पलीकडे जगतात आणि उजव्या बाजूची शेपटी लांबलचक असते. आपण त्या शेपटीत असू शकतो. तो पुढे वीस वर्षं जगला आणि वेगळ्याच कर्करोगानं गेला. गणित येणाऱ्या माणसाला आशा कशी दिसते, ते बघायचं तर हा निबंध वाचावा.

दुसरा अतुल गवांदे. 'बीइंग मॉर्टल'मध्ये (२०१४) तो गूल्डचं कौतुक करून मग अवघड प्रश्न विचारतो. त्या लांब शेपटीच्या आशेवर आपण सगळी वैद्यकव्यवस्था उभी केली आहे, पण शेपटीत न येणाऱ्या बहुसंख्यांसाठी आपल्याकडे काय तयारी आहे? डॉक्टरांचे अंदाजही किती चुकतात, हे दाखवणारा एक अभ्यास तो सांगतो. अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांबद्दल विचारलं, तर ६३ टक्के डॉक्टरांनी प्रत्यक्षापेक्षा जास्त आयुष्य वर्तवलं आणि रुग्णाशी ओळख जितकी जुनी, तितकी चूक मोठी. म्हणजे डॉक्टरही नातेवाइकासारखेच चुकतात.

गवांदेच्या पुस्तकाचा शेवटचा भाग त्याच्या वडिलांवर आहे. आत्माराम गवांदे आपल्या महाराष्ट्रातल्या उटी गावातून अमेरिकेत गेलेले शल्यविशारद, आणि त्यांच्या पाठीच्या कण्यात गाठ. स्वतः सर्जन असलेला मुलगा वडिलांना काय विचारायचं, ते शिकत जातो. तुम्हाला काय समजलंय? भीती कशाची वाटते? काय गमवायला तयार आहात आणि काय नाही? दुसऱ्या एका रुग्णाचं उत्तर त्यात आहे: चॉकलेट आइसक्रीम खाता आलं आणि टीव्हीवर फुटबॉल बघता आला, तर मी जगायला तयार आहे. माझी तक्रार इतकीच, की गवांदेकडे प्रश्न विचारायला निवांत खोली असते, वेळ असतो, पुढे होस्पिस असतं. आपल्याकडे हा प्रश्न ओपीडीच्या बाकावर, टोकन नंबर ऐकत विचारावा लागतो. तरीही तो विचारता येतो. मी विचारला. अण्णा म्हणाले, "रात्री आडवं होऊन झोपता आलं पाहिजे. बसून झोपायची वेळ आली, की बघू."

*

सगळ्यात शेवटी जे पुस्तक मला सापडलं, ते हृदयरोगाचं म्हणून कुणी वाचतच नाही. जोन डिडियनचं 'द इयर ऑफ मॅजिकल थिंकिंग' (२००५) शोकाचं पुस्तक म्हणून प्रसिद्ध आहे. ३० डिसेंबर २००३च्या संध्याकाळी तिचा नवरा, लेखक जॉन ग्रेगरी डन, जेवणाच्या टेबलावर कोसळला आणि गेला. पण नीट वाचलं, तर हे सोळा वर्षं हृदयरुग्णाच्या शेजारी राहिलेल्या बाईचं पुस्तक आहे. १९८७ साली डनच्या हृदयाच्या एका मुख्य धमनीत मोठा अडथळा सापडला होता. त्या धमनीच्या अडथळ्याला डॉक्टरांच्या बोलीत 'विडोमेकर' म्हणतात. बायकोला विधवा करणारा. आपण कसे मरणार ते आता आपल्याला कळलंय, असं तो तेव्हाच म्हणाला होता. तिनं ते खोडून काढलं होतं. अँजिओप्लास्टी झाली, अडथळा गेला, विषय संपला.

तो गेल्यावर ती वर्षभर तपास करत राहते. काय चुकलं? कुठली खूण दिसूनही दिसली नाही? हा तपास मला ओळखीचा आहे. पायाची सूज बघून आमच्या स्वयंपाकघरात चालतो, तोच हा. शेवटी जवळपास वर्षानं तिच्या हाती शवविच्छेदनाचा अहवाल येतो. धमन्या ९५ टक्क्यांहून अधिक बंद होत्या. तो वाचल्यावर तिला पटायला लागतं, की दोघांनी केलेल्या किंवा न केलेल्या कशामुळेही हे घडलं नाही आणि टळलंही नसतं.

बंगांना 'माझ्यामुळे' या शब्दानं मोकळं केलं. डिडियनला 'कुणामुळेच नाही' या शब्दांनी. दोन्ही खरे आहेत, दोघांच्या ठिकाणी. पण रुग्णाच्या शेजारी राहणाऱ्याला दुसरं वाक्य लागतं. डिडियनच्या पुस्तकाची मर्यादा अशी, की ते वाक्य तिला फार उशिरा, एका शवविच्छेदनानंतर मिळालं. ते माणूस समोर बसलेला असताना मिळवता येईल का, हा प्रश्न हे पुस्तक सोडवत नाही. पण त्याच्याखेरीज दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात तो प्रश्नही मला भेटला नाही.

आमच्या घरात या आजाराबद्दल सध्या जे लिहिलं जातंय, ते आईच्या दोनशे पानी वहीत. तारीख, सकाळचं वजन, लघवीची गोळी अर्धी की एक, पायांवर सूज आहे की नाही. तीन दिवसांत वजन दोन किलोंहून जास्त वाढलं, की डॉक्टरांना फोन. पहिल्या वर्षीच्या पानांवर समासात शेरे आहेत: 'लग्नात जेवले', 'पापड'. नंतरच्या पानांवर ते हळूहळू कमी होत गेलेत आणि आता फक्त आकडे उरलेत. मी आईला कारण विचारलं. ती म्हणाली, "अगं, पापड न खाताही वाढतंच की."

डॉक्टरांनी आता छातीत एक यंत्र बसवायचं सुचवलंय. ठोके अचानक बिघडले, तर ते झटका देऊन पूर्ववत करतं. अण्णांनी विचारलं, "यानं दम कमी लागेल का?" डॉक्टर म्हणाले, नाही, त्याचं काम वेगळं. अण्णा विचार करतायत. मुदत त्यांनी मागितलेली नाही आणि आम्हीही दिलेली नाही. तिन्ही प्रती अजून शोकेसमध्ये आहेत. गेल्या आठवड्यात शेजारच्या काकांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा त्यातली पेन्सिलीच्या खुणांची प्रत अण्णा स्वतः त्यांना देऊन आले. काकांचा पाइप चोंदला होता.